पावसाआधीची यादी

दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक यादी येत असे. तिचे शासकीय नाव लांबलचक होते. कार्यालयात मात्र सगळे तिला ‘पावसाळी यादी’ म्हणत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ज्यांचे दिवस भरणार आहेत आणि नदीला पूर आला, ओढा भरला किंवा घाट खचला की ज्यांच्या गावाचा किंवा पाड्याचा बाकीच्या जगाशी संबंध तुटतो, अशा गरोदर स्त्रियांची नावे त्या यादीत असत. नाव, वय, कितवे बाळंतपण, हिमोग्लोबिन, अपेक्षित प्रसूती दिनांक, जवळचे उपकेंद्र, जोखमीची कारणे आणि सर्वांत शेवटी ‘वाहतूक व्यवस्था’ असे रकाने असत. राज्यातील एका आदिवासीबहुल जिल्ह्याच्या जिल्हा परिषदेत, आरोग्य विभागाच्या सांख्यिकीच्या टेबलावर मी बावीस वर्षे काढली. जिल्ह्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे काही कमीजास्त सांगणार आहे त्यात माझाही वाटा आहे आणि त्याचा ठपका आज तिथे काम करणाऱ्यांवर येऊ नये, असे मला वाटते.

आरोग्यातील विषमता या विषयावर अलीकडे बरेच बोलले जाते. ती कमी करण्यासाठी स्थानिक आरोग्य यंत्रणा नेमके काय करते, असे कोणी विचारले की माझ्या डोळ्यांसमोर योजनांची नावे येत नाहीत, तर ती यादी येते. योजना पुष्कळ आहेत. परंतु कोणत्या पाड्यावर कोण स्त्री आहे आणि तिचे दिवस कधी भरतात, हे पाऊस सुरू होण्यापूर्वी नावानिशी ठाऊक असल्याशिवाय त्यांतील एकही योजना त्या स्त्रीपर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्राची सरासरी पाहिली तर चिंतेचे कारण दिसणार नाही. नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०२० साली देशाचा अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे २८ होता आणि महाराष्ट्राचा १६. २०१८ ते २०२० या काळात देशाचे मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ९७ होते आणि आपले ३३. केरळखालोखाल आपला क्रमांक लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. हे आकडे खोटे नाहीत आणि त्यामागे हजारो परिचारिकांचे कष्ट आहेत. मात्र नमुना नोंदणी सर्वेक्षण राज्याचा दर सांगते, ग्रामीण आणि शहरी भागाचा वेगळा सांगते, पण जिल्ह्याचा सांगत नाही. तालुक्याचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे पुण्यातील कोथरूड आणि नंदुरबारमधील अक्राणी एकाच सोळाच्या आकड्यात सुखाने नांदतात. उरलेल्या पाच टक्के प्रसूती कुठे झाल्या, हे कळायला संशोधन लागत नाही. राज्याचा नकाशा समोर धरला आणि त्यावर सातपुड्याची रांग, मेळघाट, भामरागड-एटापल्लीचे जंगल आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर एवढे बोटाने दाखवले, तरी बरेचसे उत्तर मिळते.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्यसेवा त्यांच्याकडे आली. जिल्हा आरोग्य अधिकारी, त्यांच्या हाताखाली तालुका आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखाली उपकेंद्र, अशी ही उतरंड आहे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे थेट राज्य शासनाकडे असते. कागदावर ही विभागणी समजण्यासारखी आहे. परंतु अडलेली बाळंतीण उपकेंद्रातून निघून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून ग्रामीण रुग्णालयात जाते, तेव्हा ती एका कार्यालयाची हद्द ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत गेलेली असते आणि तिची चिठ्ठी, तिचे हिमोग्लोबिन, तिचा रक्तगट हे सगळे तिच्याबरोबर जाईलच याची शाश्वती नसते. मी नोकरीला लागलो तेव्हा या दोन कार्यालयांचे मासिक अहवाल जुळवणे हेच माझे पहिले काम होते. ते कधीही जुळले नाहीत.

विषमता ओळखून केलेली तरतूद या व्यवस्थेत अगदी पायापासून आहे, हे मान्य केले पाहिजे. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. डोंगरी व आदिवासी भागात तोच अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार असा खाली आणला आहे. सर्वांना सारखेच वाटण्याऐवजी ज्याची वाट खडतर आहे त्याला थोडे अधिक द्यावे, हा विचार त्यात आहे आणि तो योग्यच आहे. अडचण अशी की हा निकष माणसे मोजतो, वाट मोजत नाही. घाटाखालच्या तालुक्यात पाच हजार माणसे दोन गावांत राहतात आणि आरोग्यसेविका स्कूटरवर दुपारपर्यंत दोन्ही गावे करून परत येते. आमच्याकडे एका उपकेंद्राची तीन हजारांहून कमी माणसे चौदा पाड्यांवर विखुरलेली होती, त्यांतील पाच पाड्यांना रस्ताच नव्हता आणि सर्वांत दूरच्या पाड्यावर जाऊन यायला पूर्ण दिवस लागे. दोन्ही ठिकाणी आरोग्यसेविका एकच आणि लसीकरणाचे उद्दिष्ट टक्केवारीत तेच. आढावा बैठकीत मागे पडलेल्यांमध्ये हिचे नाव वाचले जाई आणि ती उभी राहून ऐकून घेई. चौदा पाड्यांचे अंतर कोणत्या रकान्यात लिहायचे, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्या तक्त्यात तसा रकानाही नव्हता.

१९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी जिल्ह्यांसाठी नवसंजीवनी योजना सुरू झाली. ही एक योजना नसून अनेक योजनांची मोट आहे. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य आणि औषधे पोहोचवणे, पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण, मानसेवी डॉक्टरांची भरारी पथके, पाड्यावरच्याच एखाद्या व्यक्तीला थोडे शिकवून पाडा स्वयंसेवक म्हणून नेमणे, दाईंच्या बैठका घेणे आणि गरोदर मातेला मातृत्व अनुदान देणे, असा तिचा पसारा आहे. हे अनुदान चारशे रुपये रोख आणि चारशे रुपयांची औषधे असे होते. रक्कम किती अपुरी, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटलेली तरतूद निराळी आहे आणि तिचे नावच मला फार आवडते: बुडीत मजुरी.

कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे तर आईला दोन आठवडे तिथे राहावे लागते आणि तेवढे दिवस तिची मजुरी बुडते. आम्ही शहरात शिकलेली माणसे बरीच वर्षे असे समजत होतो की आई मुलाला आणत नाही, कारण तिला आजाराचे गांभीर्य कळत नाही. त्यासाठी आम्ही भित्तिपत्रके छापली, तीही पुण्याच्या मराठीत, जी तिला वाचता येत नव्हती आणि वाचून दाखवली तरी तिच्या पावरी किंवा कोरकू बोलीत तिचा अर्थ लागत नव्हता. तिला आजार कळत होता. तिला हिशेबही कळत होता. घरी आणखी दोन मुले असताना एका मुलासाठी चौदा दिवसांची मजुरी सोडली तर त्या दोघांना काय घालायचे, हा तो हिशेब होता. बुडीत मजुरी देण्याचा निर्णय ज्याने कोणी पहिल्यांदा टिपणीवर मांडला त्याला तो हिशेब समजला होता. पुढे ही रक्कम रोखीने न देता बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली. गैरव्यवहार टळावा हा तिचा हेतू रास्तच होता, पण बँक तालुक्याच्या गावी आणि तिथे जाऊन यायला एक दिवस, म्हणजे बुडीत मजुरी आणण्यासाठी आणखी एक मजुरी बुडणार. ही विसंगती आम्ही लेखी कळवली होती. उत्तर आले की नाही, ते आता आठवत नाही.

पावसाळी यादीचा खरा उपयोग माहेरघरासाठी होतो. आदिवासी भागातील निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात एक-दोन खोल्यांची जागा असते. दिवस भरत आलेल्या स्त्रीने प्रसूतीच्या काही दिवस आधीच तिथे येऊन राहावे, सोबत नातेवाइकाला आणि लहान मुलाला आणावे, जेवणाची सोय तिथेच व्हावी, अशी ही कल्पना आहे. वेणा सुरू झाल्यावर वाहन पाठवण्यापेक्षा वेणा सुरू होण्याआधी माणूस हलवणे केव्हाही सोपे, एवढी साधी गोष्ट तिच्या मुळाशी आहे. १०२ आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका कितीही वाढवल्या तरी ओढ्याला छातीभर पाणी असताना त्या अलीकडच्या काठावरच थांबतात. नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे ज्या गावांचा रस्ताच पाण्याखाली गेला तिथे नंदुरबारच्या यंत्रणेने तरंगता दवाखाना चालवला. काही दुर्गम भागांत मोटारसायकल रुग्णवाहिका आणल्या. त्या त्या जागी त्यांचा उपयोग आहे. तरीही पुराच्या रात्री सर्वांत भरवशाची रुग्णवाहिका म्हणजे चार दिवस आधीच पोहोचलेली बाई, असे आमचे एक वैद्यकीय अधिकारी म्हणत असत.

माहेरघर हे नाव मैदानातल्या मराठी घरातून आले आहे. पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी यावे, आईने तिच्या डोक्याला तेल लावावे आणि तिने सव्वा महिना बाजेवरून उतरू नये, असे चित्र त्या नावात आहे. डोंगरातल्या बाईला त्या सरकारी खोलीच्या पाटीत माहेर ऐकू येत असेल का, असा प्रश्न मला नेहमी पडे. पहिली काही वर्षे आमची माहेरघरे जवळजवळ रिकामी राहिली. बैठकीत त्याची कारणे म्हणून ‘अज्ञान’ आणि ‘अंधश्रद्धा’ हे दोन शब्द लिहिले जात. माझ्या अहवालातही ते आहेत. मग एका तालुका आरोग्य अधिकारी बाईंनी कारणे विचारायला कोणाला न पाठवता स्वतः तीन पाडे पायी केले आणि परत येऊन एक कागद आमच्यापुढे ठेवला. शेळ्यांकडे कोण पाहणार? भात लावणीचे दिवस आहेत, माझ्याबरोबर सासू आली तर रोपे कोण लावणार? तिथे चूल नाही, मग सासू तिच्या हातचे काय करून घालणार? रात्री बाहेर जायला दिवा नाही. आणि एकीने सांगितले होते की मागच्या खेपेला परिचारिका माझ्यावर ओरडली.

त्या वर्षी खोलीमागे पत्र्याची शेड टाकून तिच्यात चूल मांडली. दिवा बसवला. ओरडण्याच्या बाबतीत काय केले ते कागदावर नाही, पण त्या परिचारिकेला एका पाड्यावर आशाताईच्या, म्हणजे तिथल्याच आरोग्य स्वयंसेविकेच्या, घरी दोन रात्री मुक्कामाला पाठवले होते, एवढे मला माहीत आहे. शेळ्यांवर उपाय सापडला नाही. तरी पुढच्या पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. या सगळ्याला किती खर्च आला ते मी पाहिले होते. आमच्या जिल्हास्तरीय कार्यशाळेच्या चहा-नाश्त्याच्या देयकापेक्षा तो थोडासा कमी होता.

मूल जन्माला आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात काय करता येते, हे गडचिरोलीने देशाला दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन, नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या बायका करीत. त्या गावांतील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे काम स्वयंसेवी संस्थेचे होते, शासनाचे नव्हे. परंतु २०११ पासून हीच पद्धत देशभरातील आशांच्या कामाचा भाग झाली आणि प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जायचे, असे वेळापत्रक ठरले. प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीचीही भेट त्यात आली. शासनाच्या हातात येताना त्यातले इंजेक्शन बहुतेक ठिकाणी गळून पडले आणि अर्ज वाढले. तरीही वजनकाटा पिशवीत घालून एखादी बाई सातव्या दिवशी दारात उभी राहते, तेव्हा दीड किलोचे बाळ निदान कोणाच्या तरी नजरेला पडते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो. वीस हजार वस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला साधारण चारशे जन्म होतात, असे धरा. त्यांपैकी बारा बाळे वर्षाच्या आत दगावली तर दर हजारी तीस येतो. त्या बारांतील पाच मृत्यूंची नोंद झाली नाही किंवा वेगळ्या नावाखाली झाली, तर दर साडेसतरा येतो आणि ते केंद्र राज्याच्या सरासरीजवळ जाऊन बसते. म्हणजे विषमता दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात पाच बाळे वाचवावी लागतात. दुसऱ्यात एक पेन पुरते.

पेनाचा मार्ग असा असतो. बाळ जन्मल्यावर पाच-दहा मिनिटे श्वास घेऊन गेले तर तो नवजात मृत्यू. श्वास घेतलाच नाही असे लिहिले की तो उपजत मृत्यू, आणि उपजत मृत्यू अर्भकमृत्यूच्या दरात धरला जात नाही. आई मूळची दुसऱ्या गावची असेल तर मृत्यू त्या गावाचा म्हणून कळवायचा, आणि त्या गावाने तो इकडचा म्हणून परत पाठवायचा. कुटुंब ऊसतोडीला गुजरातमध्ये गेले असताना बाळ तिकडे गेले, तर दोन्हीकडच्या नोंदवह्या स्वच्छ राहतात. हे सगळे कोणी दुष्टपणाने करीत नाही. मृत्यू कळवला की चौकशी लागते, बालमृत्यू अन्वेषणाचा अर्ज भरावा लागतो आणि ते योग्यच आहे, कारण त्यातूनच कळते की बाळ कशाने गेले आणि कोणत्या टप्प्यावर वाचवता आले असते. पण त्या अन्वेषणाच्या पाठोपाठ कारणे दाखवा नोटीसही येत असेल, तर चौदा पाडे पायी करणारी आरोग्यसेविका दुसऱ्या खेपेला काय लिहील, हे सांगायला सांख्यिकीची पदवी लागत नाही.

‘सर्च’ आणि राज्यातील इतर काही संस्थांनी गावोगावी जाऊन स्वतंत्रपणे मोजणी केली तेव्हा शासकीय नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे २००१ साली त्यांनी मांडले. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. आमच्या कार्यालयात त्या काळात फार अस्वस्थता होती. ‘बाहेरचे लोक येऊन आपले आकडे वाढवतात’ असे वाक्य मी स्वतः उच्चारले आहे. आकडे वाढत नसतात, बाळे गेलेली असतात, एवढे समजायला मला आणखी तीन वर्षे लागली.

ती समज आली, त्याचे कारण फार अभिमानाचे नाही. एका मार्चअखेरीस जिल्ह्याचा वार्षिक गोषवारा तयार करताना एका केंद्राचे नवजात मृत्यू अचानक वाढलेले दिसले. वरून फोन आला की आकडे ‘पुन्हा तपासून’ पाठवा. या दोन शब्दांचा अर्थ कार्यालयातला शिपाईसुद्धा जाणतो. मी त्या केंद्रातील औषधनिर्मात्याला फोन केला, त्याने आरोग्यसेविकेला विचारले, आणि संध्याकाळपर्यंत तीन नवजात मृत्यू उपजत झाले. पुढच्या वर्षी राज्याकडून नवजात बाळांच्या देखभालीसाठी काही केंद्रांना उपकरणे मिळणार होती. ज्या केंद्रांत नवजात मृत्यू अधिक त्यांना ती आधी, असा नियम होता. ते केंद्र त्या यादीत बसले नाही. बाळाला ऊब देणारे यंत्र तिथे आणखी दोन वर्षांनी पोहोचले. मधल्या काळात त्या केंद्रात काय काय घडले, त्याच्या नोंदी माझ्याच हातून पुढे गेल्या आहेत. माझे हस्ताक्षर चांगले होते.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, एखाद्या जिल्ह्याचा आरोग्य विभाग विषमता कमी करण्याबाबत प्रामाणिक आहे की नाही, हे पाहायचे असेल तर त्याचा दर किती खाली आला हे आधी पाहू नये. सर्वांत दुर्गम तालुक्याच्या नोंदींत मृत्यू पुरेसे आहेत का, ते पाहावे. मैदानी तालुक्यापेक्षा डोंगरी तालुक्याचा मृत्यूदर कमी दिसला तर पेढे वाटण्याआधी नोंदवही मागवावी. आमच्या जिल्ह्यात पुढे एक मुख्य कार्यकारी अधिकारी आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितले की, मृत्यू कळवल्याबद्दल यापुढे कोणालाही नोटीस जाणार नाही. मृत्यू लपवल्याचे आढळले तर मात्र जाईल. त्या वर्षी जिल्ह्याचा अर्भकमृत्यू दर वाढला, वर्तमानपत्रांनी झोडपले आणि विधिमंडळात प्रश्नही लागला. त्यांची बदली नेहमीच्या वेळी झाली की आधी, यावर कार्यालयात दोन मते आहेत. पण त्या दीड वर्षात आलेले अन्वेषणाचे अर्ज वाचताना पहिल्यांदाच असे दिसले की, आमच्याकडची निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या आठवड्यात जात होती आणि त्यांतील पुष्कळांच्या आईचे हिमोग्लोबिन सातच्या आसपास, म्हणजे फारच कमी होते. तोवर आम्ही वर्षाच्या बाळांच्या अतिसारावर जोर देत होतो.

हे सारे ज्यांच्या पायांवर चालते त्या आशांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आशा ही पगारी नोकर नाही. तिचा बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. घरच्या सर्व भेटी मिळून एका नवजात बाळामागे अडीचशे रुपये हा त्यातलाच एक दर. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा हा निकष आदिवासी भागात सैल केलेला आहे, त्यामुळे तिथे तिच्या वाट्याला माणसे कमी येतात आणि चालणे अधिक. म्हणजे कामागणिक मोबदल्याच्या हिशेबाने सर्वांत अवघड पाड्यावरची आशा सर्वांत कमी कमावते. आरोग्यातील विषमता कमी करण्यासाठी उभ्या केलेल्या व्यवस्थेच्या पोटातच ही विषमता आहे. २०२३ च्या शेवटी राज्यभरातील आशा संपावर गेल्या तेव्हा शहरातील ओळखीच्या लोकांनी मला विचारले की त्यांना एवढे काय हवे आहे. मी त्यांना अक्राणीच्या एखाद्या पाड्यावर जाऊन यायला सांगितले. अजून कोणी गेलेले नाही.

भूमका आणि भगत हे पारंपरिक उपचार करणारे, तसेच दाई, यांच्याविषयी मी मुद्दाम विस्ताराने लिहीत नाही, कारण शहरी वाचकाला त्यांतच अधिक रस असतो आणि मग बाकीचे राहून जाते. एवढेच सांगतो की, ज्या केंद्रांनी त्यांना चोर ठरवले तिथे रुग्ण उशिरा आले आणि ज्या केंद्रांनी त्यांना बाकावर बसवून चहा दिला तिथे तेच रुग्णाला घेऊन येऊ लागले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी यादी भरण्यासाठी संगणकप्रणाली आली. तोवर आशा आणि आरोग्यसेविका कागदावर लिहून पाठवत आणि शेवटच्या ‘वाहतूक व्यवस्था’ या रकान्यात बहुतेकजणी वरच्या ओळीतला मजकूर खाली उतरवत: १०२, १०२, १०२. त्या वर्षी एका पाड्याच्या आशाताईने मात्र प्रत्येक नावापुढे वेगळे लिहिले होते. बाराव्या ओळीत एकोणीस वर्षांची मुलगी होती, पहिलेच बाळंतपण, हिमोग्लोबिन साडेसात, अपेक्षित दिनांक २४ जुलै. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले होते: चार माणसे आणि झोळी ओढ्यापर्यंत, माणसांशी बोलणे झाले आहे, त्यांतले दोघे लावणीला बाहेर जाणार नाहीत, पलीकडे जीप, नवऱ्याच्या मामाची, पाणी जास्त असेल तर १५ तारखेलाच आणते.

मी ती ओळ संगणकात भरायला घेतली. शेवटच्या रकान्यात लिहिता येत नव्हते, दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा होता: १०२, १०८, खासगी वाहन, इतर.

मी ‘इतर’ निवडले आणि तो कागद खिशात घालून वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवायला गेलो.